बाईच्या फोनास भिंतीवर परवानगी नाकारल्याबाबत

अर्जदार: मी स्वतः, वय चोपन्न, धंदा अर्जनवीस, बैठक अमरावतीच्या तहसील कचेरीसमोर कडुलिंबाखाली.
अर्ज कोणाकडे: माझी एकुलती एक भाची, धंदा नर्स, हल्ली मुक्काम जर्मनी.
घटनेचे ठिकाण: अकोला, माझ्या थोरल्या बहिणीच्या घराची पुढची खोली, पश्चिमेची भिंत.
दिवस: बहिणीच्या ऑपरेशनचा मंगळवार. वेळ: सकाळी सव्वानऊ ते दहा.
साक्षीदार: बहिणीचे यजमान, म्हणजे माझे भाऊजी, जे सर्व वेळ हजर होते, आणि माझी पत्नी, जी हजर नव्हती, परंतु आदल्या रविवारी आमच्या घरी काय झाले ते तिने डोळ्यांनी पाहिलेले आहे.

नाव कोणाचेही दिलेले नाही. तीस वर्षे लोकांची नावे लिहिण्यात घालवलेल्या माणसाने असे करावे हे विचित्र दिसेल. परंतु या प्रकरणातला अनर्थ नावापायीच झाला आहे, सबब या कागदावर नाव नको.

आता हकीकत.

थोरल्या बहिणीस मी बाई म्हणत असे. आमची आई लवकर गेली. बाईने चौथीत शाळा सोडली आणि मला नववीपर्यंत पोहोचवले. नववीच्या पुढे मी गेलो नाही, त्यात तिचा दोष नाही. अक्षर मला तिने शिकवले. परातीत कणीक पसरायची, माझे बोट धरायचे आणि अक्षर काढून घ्यायचे. चुकले की परात हलवायची, की कणीक पुन्हा कोरी. आज अमरावती तालुक्यात माझ्या हस्ताक्षरातला अर्ज कारकून दुरून ओळखतो. मोठमोठे पदवीधर माझ्या टेबलापुढे उभे राहून मसुदा सांगतात आणि मी तो दुरुस्त करतो. हे हस्ताक्षर मूळचे बाईचे आहे, ही गोष्ट मी कोणास सांगितलेली नव्हती.

साखरेच्या आजाराने बाईचे डोळे गेले. पूर्ण गेले नाहीत. दार दिसे, माणूस आला हे दिसे, कोणता माणूस हे आवाजावरून कळे. भाची जर्मनीहून रोज फोन करी, तोंडे दिसणारा फोन करी. पण बाई फोन कानाला लावून ऐकत असे. ती म्हणे, "त्या काचीत मले फक्त उजेड दिसते. पोरीचं तोंड भितीएवढं असतं त दिसलं असतं."

हे ती हसत म्हणे. आम्हीही हसत असू.

मग बाई न्हाणीत पडली आणि खुब्याचे हाड मोडले. डॉक्टरांनी भाऊजींना आणि मला बाहेर बोलावून सांगितले की ऑपरेशन न करावे तर माणूस पलंगावर कुजतो, आणि करावे तर यांचे हृदय अशक्त आहे, टेबलावर काहीही होऊ शकते. संमतीपत्र मी वाचले. दोनदा वाचले. बाईला वाचून दाखवले, कारण न वाचलेल्या कागदावर आमच्या घरात कोणी अंगठा उमटवत नाही, हा माझा नियम आहे. ऐकून बाई म्हणाली, "पोरीचं तोंड पायतो, मंग सही करतो. तोवर मले घरी न्या."

डॉक्टर म्हणाले, "आजी, मुलगी आहे कुठे?"

"जर्मनीत."

"मग येणार कधी?"

"ते नाई येत. मीच पाहीन तिले."

भाचीची नोकरी नवी होती, सहा महिने रजा नव्हती. बाईला चार दिवस पायाला वजन बांधून घरी ठेवण्यास डॉक्टर नाखुशीने तयार झाले. मंगळवारी दहा वाजता रुग्णवाहिका येईल, साडेअकराला ऑपरेशन, असे ठरले. भिंतीएवढे तोंड कसे दाखवायचे ही जबाबदारी मी स्वतःहून घेतली. कोणी मला सांगितले नव्हते.

अमरावतीच्या एका दुकानातून मी घरगुती प्रोजेक्टर आणला. वायर लागत नाही, फोनातले चित्र हवेतून यंत्रात जाते आणि भिंतीवर पडते, असे दुकानदाराने समजावले. त्यानेच माझा फोन घेऊन काही बटणे दाबली, मला नाव विचारले आणि ते फोनात टाकले. कशासाठी, हे मी विचारले नाही. माझे नाव कोठेही व्यवस्थित लिहिलेले असावे, हे मला योग्यच वाटते.

रविवारी घरी चाचणी घेतली. यंत्र सुरू केले, फोन जोडला. भिंतीवर एक पांढरी चौकट उमटली. तिच्यात इंग्रजीत माझे संपूर्ण नाव आले, आणि खाली विचारले की हे गृहस्थ जोडू इच्छितात, परवानगी आहे की नाही. रिमोटने परवानगी दिली. माझा फोन भिंतीएवढा झाला.

पत्नी म्हणाली, "अवं, लागलं की. आता बंद करा, आंगावर येते."

मी बंद केले, आणि ताबडतोब डायरीत कार्यपद्धती लिहून काढली. एकूण सात कलमे झाली. सातवे कलम मी येथे जसेच्या तसे उतरवतो, कारण तेच माझ्याविरुद्धचा मुख्य पुरावा आहे: "यंत्र इच्छुकाचे नाव दाखवील. नाव ओळखीचे असल्यास परवानगी द्यावी, अन्यथा नाकारावे."

'अन्यथा नाकारावे' हे शब्द दुकानदाराचे नव्हेत, पुस्तिकेतलेही नव्हेत. ते माझे आहेत. लिहिताना मला ते शोभून दिसले.

सोमवारी मी यष्टीने निघालो. यंत्राचे खोके शालीत गुंडाळून मूर्तिजापूरमार्गे अकोल्यापर्यंत मांडीवर धरले. शेजारी बसलेल्या म्हातारीने विचारले, "देव घेऊन चाल्ले का?" मी म्हणालो, "तसंच समजा."

मंगळवारी सकाळी भाऊजींनी पश्चिमेच्या भिंतीवरचे कॅलेंडर उतरवले. खिळा तसाच राहिला. पूर्वेच्या खिडकीतून ऊन येत होते, तिच्यावर मी सतरंजी टाकली. गव्हाच्या कोठीवर यंत्र ठेवले. बाईचा पलंग भिंतीसमोर वळवला. बाईने वेणी घालून घेतली होती. तोंडाला पावडर लावली होती.

भाऊजी म्हणाले, "तिले तू दिसशीन, तुले ते दिसन. नटून काहून बसली?"

बाई म्हणाली, "पोरगी पाह्यले येऊन राह्यली. तुमी आले होते तवाबी नटलीच होती ना मी."

सव्वानऊला फोन वाजला. तिकडे पावणेसहा झालेले होते. साडेसहाला भाचीची ड्युटी सुरू व्हायची, आणि ड्युटी सुरू झाली की फोन कपाटात बंद करून ठेवण्याचा तिथला कडक नियम. म्हणजे आमच्याकडे दहापर्यंत, पुरता पाऊण तास होता. पाऊण तासात मी तीन अर्ज लिहितो.

फोन बाईच्या फोनवर आला. मी म्हणालो, "बाळा, ठेव. मी जोडतो आणि आमीच लावतो." तिने ठेवला.

पहिली अडचण अशी आली की यंत्राला बाईचा फोन दिसेचना. कारण मला लवकर समजले. यंत्र भाऊजींच्या घरच्या वायफायवर होते आणि फोन आपल्या सिमवर चालत होता. दोन पक्ष दोन वेगळ्या हद्दींत असले तर प्रकरण उभेच राहत नाही. मी फोन वायफायवर आणला. यात पंधरा मिनिटे गेली, कारण भाऊजींना पासवर्ड आठवत नव्हता आणि तो त्यांनी दुधाच्या वहीच्या मागे लिहिलेला निघाला. तरीही मला समाधान वाटले. भाऊजी म्हणाले, "वकीलसाहेब, मानलं तुमाले." ते मला वकीलसाहेब म्हणतात तेव्हा टोमणा असतो. त्या वेळी नव्हता.

मी फोनवर जोडणीचे बटण दाबले. भिंतीवर पांढरी चौकट आली.

चौकटीत बाईचे नाव नव्हते. चार इंग्रजी अक्षरे, एक आडवी रेघ आणि पुढे आकडे होते. कोणा मनुष्याचे नाव ते नव्हते. खाली तोच प्रश्न होता: हे जोडू इच्छितात, परवानगी आहे की नाही.

मी डायरी पाहिली. सातवे कलम पाहिले. नकार दाबला.

"काय झालं?" बाईने विचारले.

"कोणीतरी परका घुसून राह्यला. शेजाऱ्यापाजाऱ्याचा फोन असन."

पुन्हा जोडले. पुन्हा तीच अक्षरे, तेच आकडे.

भाऊजी म्हणाले, "आपलाच त नसन हा?"

मी त्यांना जे उत्तर दिले ते मी शब्दशः देतो. मी म्हणालो, "आपला असता त बाईचं नाव लिहून आलं असतं. माझ्या वेळेस माझं आलं होतं. नाव जुळत नसलं त भाऊजी, तहसीलदारबी अर्ज घेत नाई."

"पण तुमी बटन दाबता तवाच येऊन राह्यला ना तो."

"तेच त. संधी साधून राह्यला."

मी नकार दाबला. जोर देऊन दाबला. तिसऱ्यांदा तो आला तेव्हा मला राग आला होता. बहीण मरणाच्या दारात आहे आणि कोण हा इसम आमच्या भिंतीवर चढू पाहतो, असे मनात आले. तिसऱ्यांदा नाकारले. त्यानंतर तो आला नाही. यंत्राने त्याला कायमचे बंद केले, हे मला नंतर कळले. त्या वेळी मी म्हणालो, "गेला एकदाचा."

मग मी बटणे दाबत राहिलो आणि भिंत कोरीच राहिली. यंत्र बंद करून सुरू केले. पुस्तिका काढली, इंग्रजी अक्षर-अक्षर लावून वाचली. घाम डोळ्यांत जात होता. बाई एकटक त्या कोऱ्या उजेडाकडे पाहत होती, आणि दर मिनिटाला विचारत होती, "आली का?"

दहाला बारा कमी असताना भाचीनेच फोन केला. "मामाजी, काय झालं? मले थोडाच वेळ हाय. लहान पडद्यावरच दाखवा मले आईले."

भाऊजींनी फोन बाईच्या तोंडापुढे धरला. भाचीने आई पाहिली. आईची वेणी, पावडर, सगळे पाहिले. ती रडत होती आणि रडण्याचा आवाज येऊ देत नव्हती. बाईने फोन नाकाला टेकेपर्यंत जवळ घेतला.

"दिसतो का व माय?"

"उजेड दिसते, पोरी. तू हालली का उजेड हालते."

मी फोनमध्ये तोंड घालून ओरडलो, "बाळा, एक परका मधात येते, त्याले नाकारून नाकारून मी थकलो."

तिने डोळे पुसले. मग म्हणाली, "मामाजी, तुमच्या फोनवर लागते का? तुमच्यावरून लावा. मी वार्डाच्या दारात उभी राह्यतो, शेवटच्या मिन्टापर्यंत." एवढेच म्हणाली. तिला तेव्हाच सगळे समजले होते, असे मला आता वाटते. मला दुखवायला तिच्याजवळ वेळ नव्हता.

मी माझा फोन वायफायवर घातला. दुधाच्या वहीतला पासवर्ड दोनदा चुकला. तिसऱ्यांदा लागला. जोडणीचे बटण दाबले. भिंतीवर चौकट आली आणि तिच्यात माझे नाव आले, संपूर्ण, वडिलांच्या नावासह. मी परवानगी दिली. माझा फोन भिंतीवर पडला. मी भाचीला फोन लावला. बाहेर रुग्णवाहिका येऊन थांबल्याचा आवाज झाला.

घंटी जात राहिली. भाचीने उचलला नाही. दहाला एक मिनिट होऊन गेले होते.

तोंडे दिसणारा फोन पलीकडच्याने उचलेपर्यंत पडद्यावर आपलेच तोंड दाखवतो, ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते, मलाही होती. परंतु मी ती भिंतीएवढी कधी पाहिली नव्हती. पश्चिमेच्या भिंतीवर छतापासून खालपर्यंत माझा चेहरा होता. घामेजलेला, तोंड उघडे, चष्मा खाली घसरलेला. कॅलेंडरचा खिळा बरोबर कपाळात होता.

बाई उठून बसू पाहत होती. "आली!" म्हणाली. दोन्ही हात पुढे केले. मग हात तसेच राहिले. तिने डोळे बारीक केले आणि बराच वेळ पाहिले.

"हा त तूच हायस रे भाऊ," ती म्हणाली. "कितीक म्हातारा झाला तू. काई खातपीत नाई काय?"

स्ट्रेचर घेऊन दोघे आत आले. मी म्हणालो, "दोन मिनिटं थांबा, लागतेच." घंटी जातच होती. एक जण म्हणाला, "काका, तिकडे डॉक्टर वाट पाहून राह्यले." बाई म्हणाली, "राहू दे भाऊ. नको त्रास घेऊ." संमतीपत्रावर तिने तिथेच सही केली. अंगठा नाही, सही. अक्षर वाकडे आले तेव्हा तिने सवयीने हात असा हलवला, की जणू कागदाखाली परात आहे.

बाई ऑपरेशनातून बाहेर आली, पण शुद्धीवर अशी आली नाही. चौथ्या दिवशी गेली. माणसाचे तोंड म्हणून तिने या जगात शेवटचे काय पाहिले असेल, तर ते माझे. तिला ते नको होते.

तेराव्यानंतर मी अमरावतीस परतलो आणि त्या दुकानात गेलो. हकीकत ऐकून दुकानदाराने यंत्र न पाहताच सांगितले: "काका, फोनाले आपण नाव नाई दिलं त कंपनीचं नाव न् नंबर येते. तो तुमच्या बहिणीचाच फोन होता. हो म्हणायचं होतं ना."

मी तिथल्या स्टुलावर बसलो. त्याने पाणी दिले.

नांदगाव खंडेश्वरच्या, मोझरीच्या, कोठल्या कोठल्या बाया माझ्या टेबलाशी येतात. माहेरचे नाव एका कागदावर, सासरचे दुसऱ्यावर. कचेरी त्यांना दोन बाया समजते आणि हाकलते. मी त्यांना शपथपत्र लिहून देतो, की उपरोक्त दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत. असली शपथपत्रे मी हजारो लिहिली असतील. कारकून नावावर अडला की मी त्याला सुनावतो, "साहेब, बाई समोर उभी आहे, तिच्याकडे पाहा." भाऊजींनी मला हेच सुनावले होते. तुम्ही बटण दाबता तेव्हाच येतो, म्हणाले होते. मी पाहिले नाही. बाई पलंगावर होती, तिचा फोन माझ्या हातात होता, त्याने तीनदा दार वाजवले, आणि मी कचेरीतल्या सर्वांत वाईट कारकुनासारखे त्याला तीनदा हाकलले.

आणखी एक कबुली राहिली आहे. माझ्या फोनात भाचीचे छायाचित्र होते. विमानतळावरचे, हसरे, स्वच्छ. माझा फोन भिंतीवर लागलेला होता. घंटी थांबवून ते छायाचित्र भिंतीवर लावायला मला एवढासा वेळ लागला असता, आणि स्ट्रेचरवाले तेवढे थांबले असते. हे मला परतीच्या यष्टीत, बडनेऱ्याजवळ सुचले. मी शेजारच्या माणसाला म्हणालो, "उतरू द्या मला." तो म्हणाला, "काका, इथं थांबा नाई." उतरून मी काय करणार होतो, ते मला सांगता येणार नाही.

आता मूळ मुद्दा. बाईला अग्नी देऊन आलो त्या संध्याकाळी भाचीने मला फोन केला. म्हणाली, "मामाजी, एकच सांगा. मी गेल्यावर लागलं का? आईनं मले पायलं का भितीवर?"

भाऊजी शेजारी होते. त्यांनी तिला आधीच "हो पायलं" असे सांगून टाकले होते, आणि ते माझ्याकडे मान हलवून खुणा करत होते. नंतर मला म्हणाले, "पोरगी तिकडं एकटी हाय. एक हो म्हणायले तुमचं काय जात होतं? लोकायसाठी एवढं लिवता."

मी हो म्हणालो नाही. नाही म्हणण्याचे धैर्यही झाले नाही. मी तिला म्हणालो, "लेखी कळवतो."

आईला नुकतेच जाळून आलेल्या घरात, रडणाऱ्या पोरीला, मी लेखी कळवतो म्हणालो. तेव्हापासून रोज टेबलावर बसतो, दुसऱ्यांचे अर्ज लिहितो, आणि संध्याकाळी एक कोरा कागद काढून पुन्हा ठेवून देतो. आज लिहिले आहे. साक्षीदार क्रमांक एक यांची साक्ष प्रेमापोटी दिलेली असून ती खरी नाही, हे मला नाइलाजाने नमूद करावे लागते.

सबब, बाळा, कळवण्यास अत्यंत दुःख होते की तुझ्या आईने तुला भिंतीवर पाहिले नाही. तुझ्या जागी मला पाहिले. यंत्रात बिघाड नव्हता, वायफाय चालू होते, तुला उशीर झाला नव्हता. नकार माझ्या अंगठ्याने दिलेला आहे, तीनदा, शुद्धीत आणि कोणाच्या दबावाशिवाय.

भाऊजी सांगतात की दिवाळीला तू येणार आहेस. भिंतीवर कॅलेंडर पुन्हा लावलेले नाही, खिळा आहे. तू येशील त्या दिवशी मी अकोल्यास असावे की नसावे, याचा निर्णय तुझ्याकडून व्हावा, ही विनंती. एका शब्दात कळवले तरी चालेल. निर्णय माझ्या विरुद्ध असल्यास कारण लिहिण्याची आवश्यकता नाही.